पंचेचाळीस मिनिटांची चोरी

परवा लॅबमध्ये स्क्रीनवर पुन्हा ती लाल पट्टी दिसली आणि माझं डोकं फिरलं. कॉलेजने नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. मुलांचे प्रोग्रॅम त्यात टाकले की ते एकमेकांशी ताडून बघतं आणि कोणाचं कोणाशी जुळतंय ते सांगतं. जुळलं की लाल, नाही जुळलं की हिरवं. शिक्षकाने फक्त रंग बघायचा आणि मार्क भरायचे. आमचे विभागप्रमुख सर मोठ्या कौतुकाने म्हणाले, "मॅडम, आता तुमचा निम्मा वेळ वाचणार." मी म्हटलं, "सर, त्या वाचलेल्या वेळाचं मी काय करू?" त्यांना तो विनोद वाटला. ते हसले. मी हसले नाही.

ऑक्टोबर आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षांचा महिना. पाऊस गेलेला असतो, वारा पडलेला असतो आणि बोईसरच्या रस्त्यावर कालपर्यंत चिखल होता तिथे आज लाल धूळ उडत असते. लॅबमधला एसी कॉम्प्युटरसाठी आहे, माणसांसाठी नाही, अशी आमच्याकडे पहिल्यापासून समजूत आहे, त्यामुळे तो एका कोपऱ्यात मशीनकडे तोंड करून चालतो आणि आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात वहीने वारा घेतो. दुपारी कारखान्यांच्या बाजूने एक तिखट, औषधी वास येतो. सातपाटीच्या कोळ्यांच्या मुलींच्या ओढण्यांना सकाळच्या बोंबलांचा वास असतो, कारण वलांडीवर, म्हणजे त्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील टांगून झाल्यावरच त्या पालघरची बस पकडतात. पूर्वी वर्गातली काही मुलं नाकाला रुमाल लावायची. कारखान्याच्या वासाला मात्र कोणी रुमाल लावलेला मी पाहिला नाही. हे दोन वास एकत्र आले की मला काही वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर आठवतो, आणि आठवला की अजूनही स्वतःचाच राग येतो.

त्या वर्षी लॅबच्या दारावर एक नियमपत्रक लावलं होतं. 'शैक्षणिक सचोटीचे नियम' असं त्याला भारदस्त नाव होतं आणि ते मी लिहिलं होतं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम घेऊ नये, आपला देऊ नये, इंटरनेटवरून उचलू नये, उचललाच तर कुठून ते लिहावं. चर्चा करायला हरकत नाही, पण टाइप करताना प्रत्येकाने आपापलं करावं. इथवर ठीक होतं, असं सगळीकडे असतंच. पण त्यात एक कलम माझ्या खास डोक्यातून निघालेलं होतं. दोन प्रोग्रॅममध्ये सारखीच चूक सापडली, तर ती कॉपी धरली जाईल. बरोबर उत्तरं सारखी येऊ शकतात, चुका कशा सारख्या येतील? मी वर्गात ऐटीत सांगायचे, "चूक म्हणजे अंगठ्याचा ठसा आहे. दोघांचा सारखा असूच शकत नाही." मुलं माना डोलवायची. सर तर इतके खूश झाले, की त्यांनी ते कलम इतर विषयांनाही लावलं.

आणि मी असाइनमेंट दिली ती भरतीची. महिन्याच्या प्रत्येक दिवशी समुद्राला पूर्ण भरती किती वाजता येईल, ते छापणारा प्रोग्रॅम लिहा. पुस्तकात तक्ता होता. पहिल्या दिवसाची वेळ घ्यायची आणि पुढे रोज पन्नास मिनिटं मिळवत जायचं. एक लूप, एक बेरीज, चोवीस तास झाले की पुन्हा शून्यापासून. वर्गातली निम्मी मुलं किनाऱ्यावरची, म्हणून मी मुद्दाम हा प्रश्न निवडला होता. आपल्या मातीतलं उदाहरण वगैरे. तेव्हा मला त्याचा मोठा अभिमान वाटला होता.

मी स्वतः बागायतदारांच्या घरातली. आमच्या गावाला समुद्र आहे, पण आमच्या घरांची तोंडं विहिरीकडे आणि पाठी समुद्राकडे. भरती आली काय आणि ओहोटी गेली काय, आमचा पाट वेळेवर सुटला पाहिजे एवढंच आम्हाला ठाऊक. पौर्णिमेला लाटांचा आवाज वाडीपर्यंत यायचा, तेव्हा आई म्हणायची, "आज समुद्र जागा दिसतो." समुद्राविषयीचं आमचं सगळं ज्ञान तेवढ्यात संपायचं.

असाइनमेंट आल्या. बहुतेकांनी सांगितल्याप्रमाणे पन्नास घातले होते. सहा मुलींच्या प्रोग्रॅममध्ये मात्र पंचेचाळीस होते. पुन्हा सहाही जणींनी महिन्याचे दोन तुकडे केले होते. पंधरा दिवस मोजायचे, थांबायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. त्यामुळे पंधराव्या दिवसावरून पुढच्या दिवशी जाताना पंचेचाळीसऐवजी एकदम दीड तासाची उडी पडत होती, आणि ती सहाही ठिकाणी पडत होती. तेव्हाचं तपासणीचं सॉफ्टवेअर साधं होतं, पण लाल पट्टी त्यालाही यायची. सहा मुली, चार सातपाटीच्या, दोन दातिवऱ्याच्या, सगळ्या कोळ्यांच्या घरातल्या. सारखी चूक. माझं कलम पहिल्यांदाच इतकं चपखल लागू पडत होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मी त्यांना काही विचारलं नाही. मी त्यांना बोलावलं आणि छापील फॉर्म समोर ठेवला. 'मी अन्य विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमची नक्कल केल्याचे मान्य करते.' खाली सही. सही केली तर निम्मे मार्क आणि परीक्षेला बसायची परवानगी. नाही केली तर चौकशी आणि शून्य, आणि प्रॅक्टिकलला शून्य म्हणजे लेखी परीक्षेचं हॉलतिकीट नाही. शेवटचं वर्ष होतं. पाच जणींनी एकमेकींकडे पाहिलं, एकीने डोळे पुसले, आणि सह्या केल्या. सहावी तृप्ती. सातपाटीची, उंच, आवाज मोठा, कारण घरात सगळ्यांचेच आवाज मोठे. तिने फॉर्म वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि माझ्याकडे परत सरकवला.

"मॅडम, भरती अशीच येते," ती म्हणाली.

मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटलं, "सहा जणींकडे तीच चूक कशी?"

"चूक असंल तर मार्क कापा ना. तुमी पन्नास सांगितले, आमी पंचेचाळीस घातले, कापा मार्क. पण चोरी नाय केली मी. त्याच्यावर सही नाय करणार."

"शून्य मिळेल. परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन पुन्हा वळली. "तुमी इचारलं पन नाय, कुटनं आनलं ते."

तिची गावाकडची बोली कॉलेजात फारशी कधी ऐकू यायची नाही. रागाच्या भरात ती तिच्या तोंडी आली होती. मी नोंदवहीत लिहिलं, सही करण्यास नकार. आणि पुढच्या असाइनमेंटकडे वळले.

पुढची असाइनमेंट कोणाची होती तेही सांगून टाकते. कंपनीच्या कॉलनीत राहणारा एक मुलगा. त्याचा प्रोग्रॅम इतका सुबक, की वाटावं छापखान्यातून आलाय. पट्टी हिरवीगार. मी सहज एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे इथे कशासाठी आहे? तो म्हणाला, "मॅडम, चालतोय ना?" चालत होता. कुठल्या तरी यंत्राला त्याने प्रश्न विचारला होता आणि यंत्राने लिहून दिलं होतं, हे मला कळत होतं, त्यालाही ते मला कळलंय हे कळत होतं. पण सारखी चूक नव्हती, कारण चूकच नव्हती. माझ्या कलमात तो बसत नव्हता. मी त्याला दहापैकी नऊ दिले. ते नऊ अजून माझ्या हातावर आहेत.

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते आणि तो ती लपवतो. मुलांना जे छोटे प्रोग्रॅम आम्ही लिहायला देतो ते साठ मुलांनी साठ घरांत बसून प्रामाणिकपणे लिहिले, तरी एकसारखेच येणार. भाजीला फोडणी द्या म्हटलं तर सगळे मोहरीच टाकणार. मग आम्ही वेगळेपणा शोधतो तो कशात? मधल्या मोकळ्या जागेत, नावांत आणि चुकांत. आणि ज्याला नावं बदलायची अक्कल आहे तो सुटतो. आम्ही पकडतो ते भाबड्यांना. हे मी आज बिनधास्त लिहिते, तेव्हा लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पालघरच्या मासळी बाजारात गेले होते. तृप्तीची आई तिथे बसते हे मला माहीत होतं, पण मुद्दाम गेले नव्हते. शनिवारी मी जातेच. ओळीत मधोमध तिची पाटी. मला पाहून तिने ओळखलं. वर्षारंभी पालकसभेला ती एकटीच आली होती, बाकी कोणाचे पालक येत नाहीत.

"या म्याडम," ती म्हणाली. आवाजात ना राग ना आर्जव. "करंदी ताजी हाय."

मी करंदी घेतली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तृप्तीने सही करावी हो. निम्मे मार्क मिळतील. वर्ष वाचेल."

तिने कोयता बाजूला ठेवला. "आमच्यात दुसऱ्याच्या जाळ्यात हात घातला ना, त्याचं नाव त्याच्या नातवापरत घेतात लोकं. अमक्याचा नातू, त्यो जाळ्यातला. वरीस गेलं तर गेलं, बाय. वरीस परत येतं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली आणि विचारू लागली, उद्या ताजं किती वाजता येईल? तृप्तीच्या आईने वर आकाशाकडे नाही, घड्याळाकडे नाही, कुठेच पाहिलं नाही. "आज पंचमी ना? उद्या षष्टी. दुपारी साडेचारला भरती. त्याच्यावर बोटी लागतील. परवाच्याला ये सकाळी."

मी विचारलं, "साडेचार कसं काढलंत?"

"काढायचं काय त्याच्यात? तिथीचं पाऊण."

"म्हणजे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन आणि दोन किती असं विचारलंय. "साहाचं पाऊण साडेचार. आठचं पाऊण साहा. अष्टमीला साहाला भरती. दिसा पन आनि राती पन."

मनातल्या मनात मी तिथल्या तिथे हिशेब केला. एका तिथीला पाऊण तास. पंचेचाळीस मिनिटं. पाटीवरचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं. ओळीच्या शेवटी दातिवऱ्याची एक म्हातारी बसली होती. मी तिच्यापाशी गेले आणि विचारलं, दशमीला भरती किती वाजता? "साडेसात," ती म्हणाली. चतुर्थीला? "तीन." आणि पुनवेला? "पुनवेला सव्वाअकरा नि मंग परत एकापासून. बाय, मासली घ्यायची हाय का परीक्षा घ्यायची हाय?" शेजारच्या दोघी हसल्या. मी घाईघाईने तिच्याकडूनही काहीतरी घेतलं. काय घेतलं ते घरी जाऊन पिशवी उघडल्यावर कळलं.

पुनवेला सव्वाअकरा, आणि परत एकापासून म्हणजे दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता. ती दीड तासाची उडी. सहा मुलींनी एकमेकींचं पाहिलं नव्हतं. सहा घरांत सहा आयांनी, आज्यांनी, बापांनी त्यांना बोलायला लागल्यापासून ते सांगितलं होतं. सांगितलंही नसेल; नुसतं त्यांच्या देखत तसं मोजलं असेल. मी पन्नास दिले तेव्हा त्यांना वाटलं, मॅडमनी ढोबळ आकडा दिलाय, आपण बरोबर घालू. पन्नास हा पुस्तकातला आकडा आहे आणि पुस्तकातला आकडा म्हणजे बरोबर, हे त्यांच्या मनातही आलं नाही. समुद्राच्या बाबतीत पुस्तक मोठं असू शकतं ही कल्पनाच त्या घरांत नव्हती. आणि हे समजावून सांगायचं असतं हेही त्यांना सुचलं नाही, कारण ते कोणाला ठाऊक नसेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. भरती अशीच येते. तृप्तीने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि मी कानात बोळे घालून बसले होते.

नंतर मी बंदराचा छापील भरतीतक्ता मिळवून महिन्याचे आकडे लावून पाहिले. रोजचा खरा फरक साधारण दोन्ही आकड्यांच्या मध्ये पडतो. महिनाभर पन्नास मिळवत गेलं की हळूहळू वाट चुकते. कोळणींचा पाऊण तासही चुकतो, पण पंधरवड्याने तो स्वतःला सावरून घेतो, म्हणून त्यांच्या बोटी वेळेवर लागतात. समुद्राने मला आणि त्यांना, दोघांनाही पैकीच्या पैकी दिले नसते.

आमच्या वाडीत चिकूच्या प्रत्येक झाडाला माणसाचं नाव आहे. हा गोविंदकाकांचा, तो मासवणच्या मावशींचा, विहिरीजवळचा तो पोस्टमास्तरांचा. म्हणजे झाड त्यांचं नव्हे. कलम त्यांच्याकडून आणलं. वडील कोणालाही झाड दाखवताना आधी ते नाव घ्यायचे, मग चिकू हातात ठेवायचे. गोविंदकाकांना जाऊन तीस वर्षं झाली, झाड अजून त्यांचंच आहे. कलम आणणं ही वडिलांना कधी चोरी वाटली नाही, आणि नाव न घेणं त्यांना कधी जमलं नसतं. मी त्याच घरात वाढले आणि मोठी होऊन असं नियमपत्रक लिहिलं, ज्यात पुस्तकाचं नाव, वेबसाइटचं नाव लिहायला रकाना होता आणि आईचं नाव लिहायला नव्हता.

सोमवारी मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, नियम तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणूनच सांगते, चुकीचा आहे."

"पाच जणींनी कबुली दिलीय."

"घाबरून दिलीय. मी घाबरवलं."

"आता समितीसमोर येऊ द्या," ते म्हणाले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त फाइल पूर्ण झालेली आवडते.

समितीत सर, दुसऱ्या विभागाचे दोन प्राध्यापक आणि मी. समोर तृप्ती. तिला बसायला खुर्ची होती, ती बसली नाही. सरांनी विचारलं, "हा पंचेचाळीस आकडा कुठून आणला?"

"घरनं."

"घरून म्हणजे? कुठल्या पुस्तकातून? काही लेखी आधार?"

"लेखी नाय. आईला येतं, आजीला येतं. सगळ्या गावाला येतं."

"मग सगळ्यांचं सारखं आलं म्हणजे ती कॉपीच झाली ना?"

एक प्राध्यापक हसले. तृप्तीने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"सर, बाकी वर्गाचा पन्नास सारखाच आलाय. त्यांनी कुठून आणला?"

"तो पुस्तकात आहे."

"म्हंजे सगळ्यांनी एका पुस्तकातनं घेतला तर अभ्यास, नि आमी आमच्या आयांकडनं घेतला तर चोरी."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी म्हटलं, "तिला आत्ता इथे बसवा. दुसरा प्रश्न द्या. मी बाहेर जाते." त्यांनी दिला. ती लिहीत गेली आणि विचारलं तिथे सांगत गेली, ही ओळ का, ही अट का. एके ठिकाणी अडकली, तिथे म्हणाली, हे मला नाय येत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तोंडी परीक्षेत 'येत नाही' असं ताठ मानेने सांगणारी मुलं मी बोटांवर मोजेन. दुसऱ्या प्राध्यापकांनी बाहेर येऊन मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "पोरगी खरी आहे हो." पण समितीच्या कागदावर 'खरी आहे' असं लिहायला जागा नसते. निर्णय असा झाला, की तृप्तीला संशयाचा फायदा देऊन परीक्षेला बसू द्यावं, आणि ज्यांनी लेखी कबुली दिली त्यांची कबुली कायम राहावी.

मी असाइनमेंटचे मार्क भरले. सहाही जणींना दहापैकी सहा. सांगितलेला आकडा वापरला नाही, त्याचे कापले. तृप्तीने ते पाहिले आणि म्हणाली, "बरोबर हाय." निम्मे मार्क द्यायचा ठरलेला नियम मी बाकी पाच जणींच्या बाबतीत सरळ मोडला, त्यामुळे मला मेमो मिळाला आणि पुढच्या सत्रात तो विषय माझ्याकडून काढून घेतला. दोन वर्षं मी टायपिंगसारखं काहीतरी शिकवत होते. मेमो मी जपून ठेवलाय. लोक घरात पुरस्कार लावतात, मला एवढाच मिळाला.

विषय परत माझ्याकडे आला तेव्हा मी दारावरचं ते पत्रक फाडलं आणि एका ओळीचं नवं लावलं: जे लिहिलंय ते मला समजावून सांगा, आणि कोणाकडून शिकलात त्याचं नाव घ्या. आता ऑक्टोबरमध्ये मी प्रत्येकाला शेजारी बसवते. दहा मिनिटं. ही ओळ काढली तर काय होईल? हा आकडा का? यंत्राकडून लिहून घेतलं असेल तर तसं सांग, मग त्याने कुठे चुकवलंय ते दाखव. काही मुलं पहिल्या प्रश्नालाच गळतात. त्यांना मी मार्क देत नाही आणि त्यांना चोरही म्हणत नाही. पुन्हा ये म्हणते. काही पुन्हा येतात. सर म्हणतात, इतका वेळ कसा पुरणार, परीक्षा आटपणार कधी? मी म्हणते, ज्याच्याशी दहा मिनिटं बोलायला वेळ नाही त्याला मार्क द्यायचा आपल्याला काय अधिकार? परवाची लाल पट्टी मी तशीच बंद केली. कोणत्या दोघांची जुळली ते पाहिलंसुद्धा नाही. येतील माझ्यासमोर, तेव्हा विचारीन. ज्याला तक्रार करायची त्याने खुशाल करावी, माझ्याकडे अजून एका मेमोला जागा आहे.

पण त्या वर्षाची खरी गोष्ट समितीत घडली नाही, ऑफिसात घडली. लेखी परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी तृप्ती हॉलतिकीट घ्यायला गेली आणि तिथेच अडली. शिपाई मला बोलवायला आला. मी गेले तर ती खिडकीशी उभी, आणि आत भाऊसाहेब, आमचे ऑफिसातले क्लार्क, कपाळाला हात लावून बसलेले.

"मॅडम, समजवा हिला. हॉलतिकीट तयार आहे. घेत नाही."

"त्याच्यासोबत तो कागद देतात," तृप्ती म्हणाली. "त्याच्यावर संशय लिवलंय."

मी कागद पाहिला. चौकशीचा निकाल: संशयाचा फायदा. भाऊसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कॉम्प्युटरात दोनच पर्याय आहेत. दोषी, नाहीतर संशयाचा फायदा. मी काय करू?"

"तिसरा टाका," तृप्ती म्हणाली.

"बाई, तो प्रोग्रॅम माझा नाही."

"मी टाकून देते. सरका जरा."

भाऊसाहेबांनी घाबरून कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. परीक्षेला सात-आठ मिनिटं राहिली होती. व्हरांड्यातली मुलं वर्गांकडे निघाली होती. मी म्हटलं, "तृप्ती, जा आधी. हे नंतर बघू." तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला आवडत नव्हतं.

"नंतर कोन बघत नाय, मॅडम."

खरं होतं. मी कागद ओढून घेतला, 'संशयाचा फायदा' वर रेघ मारली, शेजारी मोठ्या अक्षरात 'निर्दोष' लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला अधिकार नाही." मी म्हटलं, "माहीत आहे. शिक्का द्या." का कोण जाणे, त्यांनी दिला. त्यांचीही मुलगी त्याच वर्षी कुठेतरी परीक्षा देत होती म्हणून असेल.

मी कागद तृप्तीच्या हातात ठेवला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग खिडकीच्या कट्ट्यावर माझ्याकडे परत सरकवला, अगदी त्या दिवशी फॉर्म सरकवला होता तसाच.

"एकच नाव लिवलंय, मॅडम."

"बाकीच्या पाच जणींनी स्वतःच लिहून दिलंय," भाऊसाहेब म्हणाले. "त्या केव्हाच जाऊन बसल्यात वर्गात."

"घाबरून लिवलं त्यांनी. घाबरनं म्हंजे काय चोरी नाय."

घंटा झाली. ती जागची हलली नाही. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि म्हटलं, सांग. ती एकेक नाव सांगत गेली, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि मी लिहीत गेले.